टेपकाकूंचे दोन रकाने

टेपकाकूंच्या गळ्यात टेप नसायची ती फक्त आंघोळीच्या वेळी. एरवी जेवताना, भाजी निवडताना, नवऱ्याशी भांडताना ती पिवळी, आकडे पुसट झालेली टेप गळ्यातच. तिच्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. घराच्या जिन्याखालच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं बायकांचे कपडे शिवत होत्या. खोलीत दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. आरसा काकूंनी किंचित मागे कलवून ठेवला होता. बघणारी त्यात अंमळ उंच दिसे. यावरून बाई काय चीज होती ते ओळखा.

धंद्याच्या पहिल्या वर्षी एका शिक्षिकेची कंबर त्यांनी मोठ्याने सांगितली होती. खरी. ती बाई पुन्हा फिरकली नाही, आणि जाताना शेजारच्या पाच जणींनाही घेऊन गेली. तेव्हा काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला की बाईला कपडा हवा असतो खऱ्या मापाचा आणि आकडा हवा असतो आवडीचा. दोन्ही देता येतं की! त्या दिवसापासून वहीत दोन रकाने आले. एक खरं, एक सांगायचं. खऱ्यावर कात्री चालायची आणि सांगायच्यावर दुकान. एकदा सांगितलेला आकडा काकू पुढे वर्षानुवर्षं तोच सांगत. गिऱ्हाईक खूश. "तुमच्या हाताला काय जादू आहे हो, दुसरीकडे मला सगळं घट्ट होतं!"

वह्यांना वाळवी लागली तेव्हा काकूंनी एका बोटाने, दोन महिने खपून, सगळी मापं मोबाइलमध्ये उतरवली आणि वह्यांचे कपटे करून टाकले. दोन रकान्यांची गोष्ट घरातही कोणाला ठाऊक नव्हती.

त्या शुक्रवारी काकू एका कोटाला इस्त्री करत होत्या. मोबाइल टेबलावर गाणं म्हणत होता. त्याच्यावर अस्तर पडलं, अस्तरावर इस्त्री पडली. काकूंना वाटलं, बक्कल असेल. चांगला जोर देऊन दाबली. गाणं मधेच थांबलं आणि वास सुटला.

दुरुस्तीवाल्याने मोबाइल चिमटीत धरून उलटासुलटा पाहिला.

"काकू, मोबाइलला इस्त्री केलीत?"

"केली. पुढे बोल."

"घडी चांगली बसलीय," तो म्हणाला. "पण हा गेला. आतलं काहीही निघणार नाही. बॅकअप आहे ना कुठे?"

होता तर! काकूंची लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि असल्या बाबतीत हुशार. तीन वर्षांपूर्वी तिनेच आईच्या मोबाइलची अख्खी नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर ठेवली होती, कुलूपबंद. कुलपाचा पासवर्ड तेवढा आईने स्वतः टाकायचा होता. काकूंनी लेकीला पाणी आणायला पिटाळलं आणि तेवढ्यात टाकला. पुढे दर रविवारी वायर जोडली की नक्कल आपोआप ताजी व्हायची. पासवर्ड पुन्हा कधी कोणी विचारला नाही. न विचारलेली गोष्ट कोणाच्या लक्षात राहते?

शनिवारी लेकीने आपला जुना मोबाइल आईसाठी काढला, कॉम्प्युटरला जोडला आणि म्हणाली, "हं, सांग पासवर्ड."

काकूंनी टेपेचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

"आई?"

"सहा आकडी होता."

"अरे वा! दहा लाखांतला एक. आणखी काही?"

"जगात कोणालाच माहीत नाही असा होता. मुद्दामच तसा ठेवला होता."

"आता तुलाही नाही. काम चोख केलंस."

दोघींनी मोबाइल उघडायचा आकडा टाकला, जुना टेलिफोन नंबर टाकला, लेकीची जन्मतारीख टाकली. लग्नाची तारीखही टाकली. शेजारी मटार सोलत बसलेले काका म्हणाले, "ती नसेलच. ती तिला कधीच आठवत नाही." काका निवृत्त बसड्रायव्हर. बोलायचे कमी, पण नेमके ब्रेक लावायचे.

"मोबाइलच्या कंपनीला फोन कर ना," काकू म्हणाल्या.

"त्यांच्याकडे किल्ली नसतेच, आई. कोणालाही उघडता येऊ नये म्हणून तर हे कुलूप. मागच्या रविवारपर्यंतचं सगळं इथे आहे, माझ्या टेबलावर, आणि आपल्याला दिसत नाही."

"मग नवीन नक्कल काढ."

"कशाची? त्या भाजलेल्या वडीची?"

रविवार असाच डोकं खाजवण्यात गेला. सोमवारी दहा वाजता गाणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानात शिरल्या. गडद जांभळं, महागाचं कापड. पुढच्या बुधवारी कार्यक्रम, चौदा जणी, चौदा पायघोळ झगे. कापड मोजूनमापून आणलेलं. एक झगा चुकला की संपलं. कापायला आजच बसायला हवं.

"मापं आहेतच तुमच्याकडे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"आहेत, पण… एकदा नव्याने घेतलेली बरी," काकू चाचरत म्हणाल्या.

"उत्तम! सगळ्याच येतो चारला. कापडही बघतील. माझं तर माहीतच आहे तुम्हाला, कंबर छत्तीस. तेवीस वर्षांत इकडची तिकडे नाही." आणि स्वतःच्या पोटावर प्रेमाने थाप मारून त्या गेल्या.

खरा आकडा एक्केचाळीस होता. दुकानातला विक्रम.

काकू स्टुलावर बसल्या. खरी मापं काय, पडद्याआड टेप लावली की पाच मिनिटांत मिळतील. पण चौदा जणींना पूर्वी सांगितलं काय होतं? छाती, कंबर, सीट, प्रत्येकीचे तीन आकडे. चौदा त्रिक बेचाळीस थापा! अध्यक्षीणबाईंची आठवत होती, ती विसरणं शक्यच नव्हतं. बाकीच्या? प्रत्येकीला आपापला आकडा मुलाच्या वाढदिवसासारखा पाठ. एकीला जरी तीसच्या जागी बत्तीस ऐकू आलं तरी ती पडद्याबाहेर येऊन शेजारणीला सांगणार, शेजारीण आपला तपासून बघणार, आणि सव्वीस वर्षांची जादू चार ते पाचच्या दरम्यान उसवणार. खरं बोलायला काही लागत नाही हो. खोट्याला स्मरणशक्ती लागते.

बसल्या बसल्या हात टेपेशी चाळा करत होता. टेप कमरेभोवती गेली, आणि काकू ताडकन उठल्या. जगात कोणालाच माहीत नाही असे सहा आकडे! तीन वर्षांपूर्वी, भाचीच्या लग्नासाठी निळा झगा शिवायचा म्हणून त्यांनी पडदा ओढून, दाराला कडी घालून, कित्येक वर्षांनी स्वतःचं माप घेतलं होतं. छाती, कंबर, सीट. त्याच आठवड्यात लेकीने पासवर्ड मागितला होता.

एक वाजता लेक जेवायला घरी आली. काकूंनी तिच्याकडून कॉम्प्युटर खाली दुकानात आणवला, तिला वर पाणी आणायला पिटाळलं आणि त्याच्यासमोर बसल्या. चौतीस, तीस, छत्तीस. नाही. पुन्हा दाबून बघितलं. नाही. हे आकडे तर त्या नणंदेला सांगत. नवऱ्यालाही. इतकी वर्षं सांगत होत्या की खरे कुठल्या कुठे गेले. खरे लिहिलेले होते ते मोबाइलमध्येच. कपाटाची किल्ली कपाटात!

"आई, मला तहान लागलेली नाही," लेक दारातून म्हणाली. "काय चाललंय?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. हप्त्याहप्त्याने. आधी पासवर्ड, मग झगा, मग अध्यक्षीणबाई, आणि शेवटी दोन रकाने. लेक हसून हसून स्टुलावर बसली.

"चौदा जणींना फसवतेस?"

"फसवते काय? कपडा घट्ट झालाय का कोणाचा आजवर? हसतेस काय, माप घे माझं."

"आजचं घेऊन काय करू? पासवर्ड तीन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हापासून तू…" लेक थांबली. "झगा कुठे आहे?"

निळा झगा ट्रंकेच्या तळाशी निघाला. शिवण दोनदा उसवून वाढवलेली होती. काकूंनी तो उलटा करून खिडकीशी धरला. पहिली शिवण गेली होती, पण सुईची बारीक भोकं अजून रांगेत उभी होती, मुंग्यांसारखी. त्या भोकांवरून काकूंनी टेप फिरवली. हे त्यांचं राज्य होतं.

"झगा अंगापेक्षा सैल लागतो. छातीला तीन, कंबरेला दोन, सीटेला तीन इंच. ते वजा कर. अर्धा आला की वरचा आकडा धरायचा, कापड कमी पडायला नको. छाती साडेएक्केचाळीस, म्हणजे…"

"साडेअडतीस. एकोणचाळीस धरू."

"कंबर छत्तीस, म्हणजे चौतीस. सीट चव्वेचाळीस, म्हणजे एक्केचाळीस."

लेकीने आईकडे बघितलं नाही, ही तिची माया. एकोणचाळीस, चौतीस, एक्केचाळीस टाकलं. नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच. काकूंनी पुन्हा मोजलं. तेच.

जिन्यावरून काका डोकावले. "भाचीच्या लग्नातला ना हा? यात तू जेवली नव्हतीस."

"उपास होता माझा."

"उपास कसला? श्वास घेता येत नव्हता. परत येताना गाडीत मागची चेन मीच उघडली. तेव्हा कुठे तू बोलायला लागलीस, आणि घर येईपर्यंत थांबली नाहीस."

लेकीने आईकडे बघितलं. या वेळी नीट.

"आई. कंबरेला दोन इंच सोडले होतेस?"

काकूंनी टेपेचं टोक चघळलं. दुसऱ्या कुणाच्या कपड्यात अर्धा इंचही त्यांनी कधी चोरला नव्हता. "एकच सोडला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, लग्नापर्यंत उतरेन."

"म्हणजे कंबर पस्तीस."

"एवढ्या मोठ्याने कशाला?"

एकोणचाळीस, पस्तीस, एक्केचाळीस. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक निळी रेघ आली आणि गोगलगायीसारखी सरकायला लागली. काका म्हणाले, "वा!" आणि वर गेले, कारण काकूंचा चेहरा बघून जास्त थांबणं बरं नव्हतं. लेकीने दवाखान्यात फोन करून अर्धी रजा टाकली.

रेघ टोकाला पोचली तेव्हा चारला दहा कमी होते. जिन्यापाशी चौदा बायकांचा कलकलाट सुरू झालाच होता. काकू पडद्याआड गेल्या. लेक बाहेर मोबाइल घेऊन बसली. ठरलं असं की आत काकू टेप लावणार आणि खरा आकडा मनात ठेवणार. बाहेरून लेक यादीतला सांगायचा आकडा वाचणार.

पहिल्या आत गेल्या त्या अध्यक्षीणबाई. यादी सरकवता सरकवता लेकीचा अंगठा एका नावावर अडला. 'लेक. कंबर. खरं बत्तीस, सांगायचं एकोणतीस.' कॉलेजपासून ती मैत्रिणींत एकोणतीस मिरवत होती.

"आकडा सांग गं," पडद्याआडून काकू म्हणाल्या.

लेकीने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ते नाव पुन्हा वाचलं.

"अगं, कंबर सांग ना यांची!"

"कोणता सांगू?" लेक गोड आवाजात म्हणाली. "इथे दोन आहेत."

तेरा माना वळल्या. पडद्याआड काकूंच्या हातातली टेप सुटली. सव्वीस वर्षं त्या एका पडद्यावर टांगलेली होती, आणि त्याची दोरी पोटच्या पोरीच्या हातात.

"दोन कसे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

लेकीने पुरते तीन श्वास घेतले. आईला घेऊ दिले नाहीत. मग म्हणाली, "छत्तीस, आणि छत्तीस. चुकून दोनदा लिहिलंय."

"बघा!" अध्यक्षीणबाई पडदा बाजूला सारून तेरा जणींना म्हणाल्या. "तेवीस वर्षं!"

बेचाळीस आकड्यांत एकही चुकला नाही. साडेपाचला शेवटची बाई दुकानाबाहेर पडली. काकूंनी कात्री हातात घेतली, जांभळं कापड पसरलं, आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या, "कारटे."

"मला एकोणतीस सांगतेस होय? ये इकडे. घे माझं माप. खरं."

काकूंनी टेप लावली, नीट, न ओढता. "बत्तीस."

लेक कलत्या आरशात बघत घटकाभर उभी राहिली. पुढून, मग बाजूने. मग तिने टेबलावरचा मोबाइल उचलून आईच्या हातात दिला.

"खऱ्या रकान्यात बत्तीस राहू दे," ती म्हणाली. "सांगायच्यात एकोणतीसच ठेव."