मुनग्याची फांदी

शेवग्याला आमच्या बालाघाटकडे मुनगा म्हणतात. भरवेलीला, खाणीच्या क्वार्टरमागे, आईनं लावलेला मुनगा होता आणि तिचा त्याच्यावर आम्हा पोरांपेक्षा कणभर जास्तच जीव होता. शेंगा वरणात, फुलं बेसनात, पाला बाळंतिणींना आणि दुखऱ्या गुडघ्यांना. अर्धी कॉलनी पाला मागायला यायची आणि आई तो डॉक्टरच्या थाटात द्यायची.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. वारासिवनीला घर बांधलं होतं. आई तिथं आली खरी, पण पाहुणीसारखी. ट्रंक उघडेना, शेजारणींशी बोलेना. बाबांना काळजी लागली. त्यांनी जुन्या मुनग्याची मनगटाएवढी जाड फांदी मोटरसायकलला बांधून आणली, अंगणात रोवली आणि वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापला. टोक सुकू नये म्हणून आमच्याकडे तसा थापतात. आई दारात उभी राहून बघत होती. एक शब्द बोलली नाही.

मग बाबांची सेवा सुरू झाली. जन्मभर मँगनीज खोदलेला माणूस, झाडाबिडांशी संबंध शून्य. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी, वर शेजारच्या शेळ्या हाकलणं. फांदी वाळून काटकी झाली तरी पाणी थांबेना. मला हसूही यायचं आणि रागही. माणसानं इतकं भोळं असू नये.

एका सकाळी आईला ते बघवेना. तिनं बाहेर येऊन त्यांच्या हातातली बादली काढून घेतली.

"राहू द्या आता. उलटी लावली तुमी. जिथून कोंब फुटते ते डोळे पाहा, खाली तोंड करून हायेत."

बाबांनी वाकून पाहिलं. "तुले कवा समजलं?"

"लावली तवाच."

"मंग काहून नाई सांगतलं?"

आई बादलीकडे बघत राहिली. "लागली असती, तर मले इथंच राहा लागलं असतं."

मला त्या घडीला दोघांचीही फार माया आली. चहा न घेताच बाबा भरवेलीला गेले आणि दुपारी दुसरी फांदी घेऊन आले. या खेपेला मात्र रोवली नाही. आईच्या पुढ्यात आडवी ठेवली.

"लावू का?" त्यांनी विचारलं.

आईनं फांदी उचलली, फिरवून पाहिली, सरळ धरली.

"खड्डा खोल करा जरा," ती म्हणाली.