सुपारीवर काढलेले दिवस

"पोरी, जीभ ओली ठेव, पोट नको," असं म्हणत आमच्या शाळेतल्या थोरल्या बाई पदराच्या गाठीतून सुपारीचं खांड काढून माझ्या हातावर ठेवायच्या. ते तोंडात गेलं की शाळा सुटेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही.

नव्वदीतली गोष्ट, मी तेव्हा नवी मास्तरीण. निमगाव केतकीच्या आमच्या शाळेत मुतारी नव्हती; मास्तरमंडळी भिंतीमागं जात. आम्ही बाया कुठं जाणार? त्यात बोअरचं पाणी इतकं मचूळ की चहासुद्धा बिघडायचा. खेड्यातल्या शाळेत नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, पाण्याविना दिवस काढायची ही विद्या तिला येते. आमच्या बाई तर त्यात पारंगत. नवी मास्तरीण आली की आधी हे शिकवायच्या, मग हजेरीपट. वर्गात मात्र झकास शिकवायच्या. त्यांनी पाढे घेतले की पोरं डोलायची.

एकदा परतीच्या एसटीत त्या कानाशी लागल्या. "अगं, बंद झालेलं परत सुरू झालं बघ." पाळी जाऊन तर वर्षं लोटलेली. मी विचारलं, "बाई, पाळीचं आहे की लघवीतून जातंय?" "लघवीतनं," त्या पुटपुटल्या. काटेवाडीला त्यांचं घर, पण मी त्यांना उतरूच दिलं नाही. तसंच बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. पुढं पुण्याला तपासण्या झाल्या आणि मूत्राशयाचा कॅन्सर निघाला.

"पाणी प्याले न्हाय म्हणून झालं का?" बाईंनी सरळ विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्याबाबतीत असं छातीठोक सांगता येणार नाही. पण कमी पाणी पिणं, लघवी तुंबवणं, खराब पाणी, यातलं काहीच मूत्राशयाला मानवत नाही. आणि रक्त दिसल्यावर थांबायचं नसतं."

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "किती जणींना शिकवलं गं मी हे."

ऑपरेशननंतर जरा बरं वाटताच बाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या. बायका नवऱ्यासमोरही काढत नाहीत ते शब्द त्यांनी भर चावडीत काढले. "माझ्या लघवीतनं रक्त गेलं." सगळे पुरुष खाली बघायला लागले.

"तात्या, चपला काय बघताय?" त्या सरपंचांना म्हणाल्या. "तुमची नात शाळंत पाणी पीत न्हाय. का, ते घरी जाऊन इचारा."

काय बाई होती हो! त्यांचा आवाज हललासुद्धा नाही.

मुलींसाठी मुतारी झाली, गोड्या पाण्याची टाकी बसली. बाईंचा आजार मात्र उलटला. त्याच वर्षी त्या गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. सगळे माना खाली घालून स्तब्ध उभे होते. तेवढ्यात पहिलीतल्या एका पोरीनं करंगळी वर केली. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. मी मानेनंच तिला जा म्हटलं.

ती पळत गेली. येताना टाकीपाशी थांबली, आणि आम्ही सगळे उभे असताना ओंजळ लावून पोटभर पाणी प्याली.