पाव्हण्याचा पार

गुलमोहराभोवती कुणी पार बांधताना दिसलं की माझं डोकं फिरतं. लातुरात ही हौस फार. झाड जरा डेरेदार झालं की आलंच कुणीतरी दगड आणि सिमेंट घेऊन. मी ऑटो थांबवून भांडलेली आहे. लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि मी गेले की काम पुढं सुरू करतात. घरचे म्हणतात, तुला काय करायचंय, ते झाड तुझ्या बापाचं आहे का? नाही. पण एक झाड माझ्या आईचं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडलांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही हदगावहून बिऱ्हाड उचलून आलो. राहायला एक खोली, वर पत्रे, खिडकीचं नाव नाही. जिल्हा झाला म्हणून रस्ते रुंद करायला निघाले होते आणि त्यात लिंबाची जुनी झाडं एकामागून एक गेली. आमच्या दारापुढचा गुलमोहर गल्लीत आत सरकून उभा होता, म्हणून तेवढा वाचला. हे झाड मूळचं आपल्याकडचं नव्हे, बाहेरून आणलेलं, अशी वडलांची माहिती. ते त्याला पहिल्या दिवसापासून 'पाव्हणा' म्हणायचे.

"मग आपण कोण हाव इथं?" आई म्हणाली. "आपण बी पाव्हणेच की."

आई शिवणकाम करायची. पत्र्याखाली दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसायचा. तिला उन्हानं भोवळ यायची, आणि नजर तर आधीपासूनच अधू. आत बसलं तर जीव घाबरा व्हायचा आणि टाका दिसायचा नाही. म्हणून मशीन झाडाखाली आली. सावली आणि उजेड दोन्ही मिळतील अशी ती तेवढीच जागा होती. गुलमोहराची पानं बारीक, त्यामुळं उन्हाची धग वरच राहायची आणि उजेड तेवढा गाळून खाली यायचा. तिथं बसून आईनं अख्ख्या गल्लीची झंपरं शिवली. झाडाला काही झालं तर आपला हात बंद, हे ती कुणी विचारो न विचारो, सांगायची.

समोर मिस्त्रीचाचा राहायचे. त्यांच्या कितीतरी पिढ्या लातुरात गवंडीकाम करत आलेल्या. आई दगडावर मशीन तोलत बसते, हे त्यांना बघवेना. नव्या कचेरीच्या बांधकामातले उरलेसुरले दगड मागून आणून त्यांनी झाडाला गोल पार बांधला, कंबरेइतका उंच. आत पायाच्या खोदाईतली काळी माती अगदी बुंध्याला भिडवून भरली, दाबली आणि वर शहाबादी फरशी बसवली. बुंध्याजवळ पाण्यापुरतं तोंड ठेवलं. आमच्या हदगावच्या विहारापुढच्या पिंपळाला अस्साच पार होता. चांगल्या झाडाला पार पाहिजेच, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाव्हणा आला की त्याला आधी पाणी द्यायचं आणि बसायला टाकायचं. आम्ही झाडाला दोन्ही दिलं. जयंतीला त्याच पारावर फोटो ठेवून हार घातला, ईदला चाचांनी तिथंच सगळ्यांना शीरखुर्मा वाटला. आई फरशीवर मशीन मांडून राणीसारखी बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायची. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

मग पावसानं डोळे वटारले. एक पावसाळा गेला, दुसराही तसाच गेला. नळ कोरडे पडले, टँकर सुरू झाले. टँकरचा आवाज आला की गल्लीतल्या बायका पदर खोचून पळायच्या. त्या उन्हाळ्यात गुलमोहराला फुलं आली ती एकाच अंगाला. दुसऱ्या अंगाची पानं पिवळी पडून आईच्या मशीनवर गळायला लागली. शेंड्याची एक फांदी वाळली. आता दुष्काळात झाड पिवळं पडलं तर माणूस काय समजणार? तहानलंय, दुसरं काय! सगळ्यांनी एकमतानं निदान करून टाकलं.

मग काय विचारता, आग्रह सुरू झाला. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांडी विसळलेलं झाडाला. आई अंग नुसतं ओल्या फडक्यानं पुसायची आणि वाचलेली कळशी पाराच्या तोंडात रिकामी करायची. चाचा मशिदीतलं वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी बादलीत धरून आणायचे. मला शाळेतून आल्यावर तहान लागलेली असायची. मी माठाकडं गेले की आई आधी विचारायची, पाव्हण्याला घातलंस का? मी चरफडत घालायची. दगड सिमेंटानं घट्ट जोडलेले, वर फरशी. घातलेला थेंब न् थेंब आतच राहत होता, याचं आम्हाला कौतुकच होतं.

झाड मात्र उतरतच चाललं. वडलांनी कचेरीत चौकशी केली. झाडं लावणारं खातं वेगळं, राखणारं वेगळं आणि या झाडाचा मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही, एवढं कळलं. एक साहेब म्हणाले, विलायती झाडं अशीच, नाजूक. वडील ते ऐकून घरी आले आणि न जेवता झोपले. आई रोज सकाळी मान वर करून एकेक फांदी बघायची. सावली विरत होती तसतशी ती मशीन सरकवत होती. आधी पाराच्या उत्तरेला, मग अगदी बुंध्याला टेकून. काही करता येईना आणि बघवतही नव्हतं.

एके दिवशी बुंध्याच्या तळाशी, फरशीला लागून, तपकिरी अळंबी उगवलेली दिसली. भाकरीएवढी रुंद आणि कडक. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! ओल मुरली, मुळांपर्यंत पोचली, असं सगळे म्हणायला लागले. चाचांनी हात लावून बघितलं आणि आईला धीर दिला.

"देखो भाभी, अब उसकू पानी लग रहा."

पुढं वळवाचं वारं सुटलं. थेंब एक नाही, नुसती धूळ. आई एका बाईचं माप घ्यायला आत आली होती. बाहेर काही कडाडलं नाही, मोडल्याचा आवाजही नीट आला नाही. दारातला उजेड एकदम वाढला, म्हणून आम्ही वळून बघितलं. गुलमोहर रस्त्यावर आडवा पडला होता. मशीन पारावर होती तशीच होती, वरून रणरणतं ऊन.

झाड मुळासकट उपटलं नव्हतं. ते फरशीच्या पातळीला तुटलं होतं. वरचं लाकूड पांढरं, धड. मातीत गाडलेला बुंधा काळा पडून भिजल्या पावासारखा झालेला, बोट घातलं की आत जायचं. वास आंबट येत होता. चाचांनी पहार घालून दोन फरशा उचकटल्या आणि ते बाजूला झाले. पिंपळाला गळ्यापर्यंत माती भरली तरी तो तिथूनही नवी मुळं सोडतो. हा पिंपळ नव्हता. याला खोडाशी वारा लागायला पाहिजे होता. आम्हाला आमचंच झाड ठाऊक होतं, पाव्हण्याचं काही ठाऊक नव्हतं.

आईनं खाली हात घालून मूठभर माती काढली आणि दाबली. बोटांच्या फटीतून पाणी निघालं. मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं, बांगड्या भिजल्या. गल्लीतलं सगळं माणूस तिथं उभं होतं.

"दुष्काळात बुडवलं गं आपण त्याला," आई म्हणाली.

तेवढ्यात टँकर आला. सवयीनं सगळ्यांचे पाय तिकडं वळले, मीही हंडा घेऊन पळाले. रांगेतून मागं बघितलं तर आई मशीन ओढत पत्र्याखाली नेत होती, एकटीच, ओल्या हातानं.