हात लावू नका रे!

मंडळी, आज दुपारी सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर गाडी धुतली आणि चकाकी टिकावी म्हणून रंगावर सीलंट लावलं. ते वाळेपर्यंत हात लावायचा नसतो, नाहीतर ठसा उठतो.

एरवी मी गाडी पुसायला घेतली की पोरं गोळा होतात, बोटांनी नावं काढतात. सवयीनं ओरडलो, “कोणी हात लावू नका रे!”

ओट्यावरून शेजारची म्हातारी काकी म्हणाली, “कोणाला सांगतोस? सगळी गेली ना आईबापांबरोबर वीटभट्टीवर.”

दिवाळी झाली की दरवर्षीच जातात, ती होळीला परततात. तरी मी विसरलो. समोर दारादाराला कुलपं.

काकी उठून आली. गाडीकडे बघत म्हणाली, “मी लावू का हात?”

मी म्हटलं, “लाव.”

बॉनेटवर तिचा पंजा उमटलाय. सांगा, तुम्ही पुसला असता?