माजलेला तरवड

उंद्रीच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी आम्ही घर बांधलं, तेव्हा येणारे पाहुणे घराच्या आधी जमिनीकडे बघायचे. नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. अशा जागेत बाग करायची हौस आमच्या ह्यांनाच येऊ शकते. जन्मभर कपाशी केली, मग शेत भावाच्या हवाली केलं, आणि रिकाम्या हातांना खामगावच्या बाजारातून गुलाबाची रोपं आणायचं वेड लागलं. रोप यायचं, थोडे दिवस ऐटीत उभं राहायचं आणि ऊन तापलं की मान टाकायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेलं आहे, कोण नापास होणार ते मला पहिल्याच दिवशी कळतं. पण ह्यांना सांगणार कोण?

फाटकाशी मात्र एक तरवड होता. तो कोणी लावला नव्हता. दगडाच्या फटीतून आलेला, कमरेएवढा, बकऱ्याही त्याला तोंड लावत नसत. पावसाळा सरत आला की पिवळ्याधमक फुलांनी असा भरायचा की पानं दिसू नयेत. हे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. फुकटात मिळालेल्या गोष्टीचं माणसाला कौतुक नसतं, दुसरं काय!

कौतुक होतं ते समोरच्या काकूंना. त्यांच्या घरी नवरात्रात घट बसतो आणि घटावर रोज एक तरवडाची माळ चढते. लग्न होऊन आल्या तेव्हापासून कधी चुकली नाही. पूर्वी आसपास सगळं माळरानच होतं, तरवड हवा तेवढा. मग प्लॉट पडले, जेसीबी फिरला आणि राहिला तो आमच्या फाटकापाशी. काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना टेकडी चढणं शक्य नाही. आम्ही बौद्ध, आमच्याकडे घट नाही. तेव्हा नवरात्रात सकाळी परडी घेऊन काकू यायच्या, फुलं तोडायच्या, ओट्यावर माझ्यासोबत चहा घ्यायच्या आणि सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. मला त्या चहाची फार गोडी. खरं सांगायचं तर गाऱ्हाण्यांचीही.

मागच्या वर्षी सगळे गुलाब गेल्यावर ह्यांची नजर तरवडावर पडली. एवढं एकच झाड जगतंय, तर त्याचीच सेवा करू! गावाकडून काळी माती आणली, शेणखत घातलं, युरिया टाकला, वर ठिबकची नळी बसवली. तरवड माझ्या डोक्याच्या वर गेला. पानं अशी हिरवीगार की येणारेजाणारे नाव विचारू लागले. हे छाती फुगवून सांगायचे.

घट बसायच्या आदल्या आठवड्यात काकू आल्या. झाडाभोवती फिरल्या, फांद्या वाकवून पाहिल्या. कळी नव्हती. एकही नाही.

"काऊन खत टाकलं जी भाऊ याले? झाड माजलं न!"

खत-पाणी जास्त झालं की कपाशी नुसती वाढते, पात्या म्हणजे कळ्या धरत नाही, त्याला माजणं म्हणतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि जन्मभर कपाशी केलेल्या माणसाने घरच्या तरवडावर तोच घोळ घातला होता. अति तिथं माती म्हणतात, इथे तर ती माती गावाकडून बैलगाडीने आणली होती. मला हसू आवरेना. पण काकूंचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं.

"गेंद्याची माळ देवीले चालते हो बाई," त्या मला म्हणाल्या, "पण माह्या मनाले नाई चालत." आणि चहा न घेता गेल्या.

ह्यांनी त्याच संध्याकाळी नळी उपटली. बुडाची काळी माती काढून टाकली आणि कपाशीचे खुडतात तसे तरवडाचे शेंडे खुडले. "आता येते पाह्य फूल," मला म्हणाले. झाड काही ऐकेना.

घट बसले त्या सकाळी मला जाग आली तर हे घरात नव्हते. उन्हं यायच्या सुमारास टेकडीवरून उतरताना दिसले, पायजम्याला कुसळं आणि हातात पिवळ्या फुलांनी भरलेली पिशवी. ती थेट काकूंच्या दारात ठेवून आले. मग रोज तेच. वर कातळावर तरवड माजलाय म्हणे, पण फुलांनी! मला मनातून फार बरं वाटत होतं, तोंडाने मी म्हटलं, "शेतात इतक्या लवकर कधी गेला नाहीत."

अष्टमीला आमच्या तरवडाला पहिल्या कळ्या दिसल्या, नवमीला दोनतीन फुलं उमलली. हे धावत काकूंना सांगायला गेले. काकू आल्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या जी. आज मले टेकडीचेच आणा." हे खट्टू झाले. दुपारी जेवताना दोनदा म्हणाले, "राग गेला नाई वाटते त्यायचा."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात निघालो होतो. आमच्यासाठी तो धम्माचा दिवस. एवढ्यात फाटक वाजलं. काकू झाडापाशी उभ्या होत्या, एका हाताने गुडघा धरून दुसऱ्या हाताने फुलं तोडत होत्या. रात्रीतून बरीच उमलली होती. मला वाटलं, घट तर उठले, आता कशाला? त्या ओट्यावर बसल्या, कमरेचा सुई-दोरा काढला, तिथेच माळ ओवली आणि ह्यांच्या हातात दिली.

"नऊ दिवस माही माळ तुटू देली नाई तुम्ही भाऊ. हे तुमच्या घरच्या झाडाची, तुमच्या बुद्धाले. म्हणून काल फुलं तोडली नाई."

हे माळ घेऊन तसेच उभे. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग हे चपला घालूनच आत गेले, लक्षात आल्यावर परत आले, त्या काढल्या, पुन्हा आत गेले आणि मूर्तीला माळ घातली.

विहारात जायला आम्हाला उशीर झाला, कारण मी आधी चहा टाकला.