पोरगी हजर आहे

“शाल काढ गं. मागं अजून चौघी थांबल्यात.”

स्टेजवर, सगळ्यांसमोर, फोटो निघाल्यावर लगेच. आदिवासी दिनाचा कार्यक्रम होता, चाकणच्या अलीकडं एका मंगल कार्यालयात. मी कातकरी. आमच्यातल्या पाच बायकांचा सत्कार ठेवला होता. बायका पाच, शाल एक, नारळ एक. ताईसाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. फोटोवाला म्हणाला, “मावशी, इकडं बघा, हसा.” सव्वीस वर्षांची मी, आणि तो मिशीवाला बाप्या मला मावशी म्हणतोय. तरी मी हसले. आणि मग अण्णांनी शाल काढ म्हणत हात पुढं केला. अण्णा म्हणजे ताईसाहेबांचे यजमान.

मी शाल काढली. नुसती काढली नाही, घडी घालून दिली. त्यांचा राग येतो त्याहून जास्त मला माझा येतो. घडी कशाला घातलीस बये? कुणी सांगितलं होतं? पुढची बाई माझी चुलत जाऊ. तिच्या खांद्यावर तीच शाल, माझ्या घामानं ओली. तीही हसली. खालची माणसं पाचही वेळा टाळ्या वाजवत होती.

ताईसाहेब आमच्या भागाच्या मेंबर. निवडून त्या आल्या, कारभार अण्णा बघतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी राहते ती पत्र्याची खोली अण्णांच्या चाळीतली. मी कंपनीत हाऊसकीपिंगला जाते, ते कॉन्ट्रॅक्ट अण्णांच्या भाच्याचं. म्हणजे गाऱ्हाणं सांगायचं तर त्यांचंच, त्यांच्याचकडं, त्यांच्याच ओट्यावर बसून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि चाळ जिथं उभी आहे तिथं आमची वाडी होती.

वाडी म्हणजे दहा-बारा झोपड्या. जागा अण्णांच्या वडलांची. कातकऱ्याची वाडी बहुतेक ठिकाणी अशीच असते, दुसऱ्याच्या जागेत. मालकाच्या शेतात राबायचं, मालकाचं रान राखायचं, आणि मालकानं कागद पुढं केला की अंगठा द्यायचा. कशाचा कागद हे विचारायचं नाही. विचारलं तर मालकावर विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि ज्याच्या जागेत चूल पेटते त्याच्यावर अविश्वास दाखवून कसं चालेल? माझ्या आजानं असाच अंगठा दिला. मरेपर्यंत तो एकच सांगायचा, “मालक म्हनलं झोपड्यांची नोंद व्हतीय. म्या दिला आंगठा.” पुढं कंपन्या आल्या, जागेला भाव आला, आणि तो कागद कपाटातून बाहेर निघाला. त्यात लिहिलं होतं की आम्ही राजीखुशीनं जागा सोडली. तेव्हापासून आम्ही आमच्याच वाडीवर भाड्यानं राहतो.

मी दहावीपर्यंत शिकले, आश्रमशाळेत. मला वाचता येतं. हे मुद्दाम सांगते. पुढं जे मी केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणी म्हणू नये.

माझी पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती. नवरा ट्रेलरवर क्लीनर, नव्या गाड्या घेऊन चेन्नईकडं गेला की पंधरा-पंधरा दिवस नाही. सासू नाही, आई नाही. माझी फर्स्ट शिफ्ट. पोरगी ठेवायची कुठं?

तेवढ्यात अंगणवाडीशेजारी पाळणाघर झालं. नवीन खोली, भिंतीवर ससा आणि फुगे, वर ताईसाहेबांचा फोटो. फीत कापली तेव्हा मी सगळ्यात पुढं उभी होते. मला खरंच रडू आलं होतं आनंदानं. चार दिवसांनी पोरगीला घेऊन गेले तर कुलूप. आठ दिवसांनी कुलूप. खिडकीतून बघितलं तर आत कार्यक्रमाच्या खुर्च्या आणि बॅनरचे बांबू. सांभाळायला बाई नेमलीच नव्हती.

महिनाअखेरीला अंगणवाडीच्या बाई रजिस्टर घेऊन चाळीत आल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही वरून सांगितलेलं. म्हणाल्या, “हजेरी भरली तर पाळणाघर टिकंल. पान कोरं गेलं तर मंजुरी परत जाईल. मग कधीच उघडायचं न्हाई. बघा बाई.”

आम्ही बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि सह्या केल्या. मी तर झोकात केली, पूर्ण नाव, खाली रेघ. महिनाभर पोरगी हजर. पुढच्या महिन्यातही हजर. उघडेल या आशेवर बंद पाळणाघराची हजेरी आम्ही आयाच भरत होतो. असली अक्कल आमच्याशिवाय कुणाला सुचणार!

आणि पोरगी कुठं होती? खोलीत. बाहेरून कुलूप.

लिहायला हात जड होतो, पण लिहिते. सकाळी सहाला भात, पाण्याची बाटली आणि एक डबडं, तिचं तिनं बसायला, एवढं ठेवायचं. स्टोव्ह वर उचलायचा. काडेपेटी कमरेला लावायची. मग म्हणायचं, “आई आलीच हं.” आणि कडी. पहिले काही दिवस ती दाराला धडका द्यायची. मी बसस्टॉपपर्यंत कान बंद करून पळायची. नंतर ती रडायची थांबली. मी कुलूप हातात घेतलं की आपली आपण गोधडीवर जाऊन बसायची. शेजारीण म्हणाली, शहाणी झाली हो तुझी लेक.

काम सोडावं म्हटलं तर खोली जाते. खोली सोडावी तर काम जातं, कारण भाच्याला चाळीतल्याच बायका लागतात, शिफ्टला उशीर होत नाही म्हणून. गावाकडं जावं तर गाव कुठलं? गावावरच तर राहतोय. मी किती बाजूंनी विचार केला. प्रत्येक बाजूला अण्णांचीच भिंत.

एप्रिलातली गोष्ट. पत्रा तापलेला. मी कंपनीत पिवळ्या पट्ट्यांमधली फरशी पुसत होते. सुपरवायझरनं येऊन सांगितलं, घरी जा, फोन आलाय. शेजारच्या खोलीतल्या परभणीच्या मावशींनी वरवंट्यानं माझं कुलूप फोडलं होतं. मावशी धुण्याभांड्याच्या कामावरून रोज दुपारी जेवायला खोलीवर यायच्या. तेव्हा पोरगी आतून भिंतीवर टकटक करायची, मावशी इकडून करायच्या, असा त्यांचा खेळ. त्या दिवशी पलीकडून टकटक आली नाही. म्हणून त्यांनी फोडलं. पोरगी दाराशी पडली होती. अंगाचा निखारा, डोळे वर.

उपकेंद्र बंद, कारण नर्सबाई एकट्या आणि गावं चार. त्या दिवशी त्या तिसऱ्या गावात होत्या. ताईसाहेबांच्या फोटोची ॲम्ब्युलन्स मंदिरासमोर उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, अण्णांना विचारल्याशिवाय हलवता येत नाही आणि अण्णा फोन उचलत नाहीत. आम्ही रिक्षानं पिंपरीला मोठ्या दवाखान्यात गेलो. सगळ्या रस्त्यानं मावशी ओला पदर तिच्या डोक्यावर धरून होत्या. मी नुसती तिचं नाव घेत होते.

डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं आणि मग विचारलं, “बाळ दिवसभर कुठं होतं?”

मी म्हटलं, “पाळणाघरात.”

माझ्या तोंडातून आपोआप आलं. विचार करून खोटं बोलले असते तर निदान समजलं असतं. मी विचारच केला नव्हता. सहा-सात महिने ज्यावर सही केली तेच तोंडाला आलं. पोरगी समोर पांढरीफटक पडलेली, आणि आई सांगतेय की ती पाळणाघरात होती.

मावशी ओरडल्या, “काय बोलायलीस गं तू? लेकरू मरायलंय अन् खोटं कुणासाठी सांगायलीस?”

मग मी खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती तास?”

“नऊ.”

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आणली. पण आता दार लावलं की ती किंचाळते. संडासाचंसुद्धा लावू देत नाही. पुढचे काही दिवस मावशींनी काम बुडवून तिला सांभाळलं, म्हणून मी शिफ्टला जाऊ शकले.

त्याच आठवड्यात अहवाल आला. गुळगुळीत कागदाचं पुस्तक, दारोदार वाटायला छापलेलं. आपल्या मेंबरनं काय काय केलं त्याचा हिशोब जनतेला. एक पान आरोग्याचं, त्यावर ती ॲम्ब्युलन्स. एक पान बालसंगोपनाचं, त्यावर ससा आणि फुगे, खाली छापलेलं, ‘सर्व बालके नियमित हजर’. आणि एक पान ‘आदिवासी बांधवांशी सलोखा: मागचे विसरू, हातात हात घालू’. त्यावर मी. शाल अंगावर, दात दिसतायत. मागचं कुणी विसरायचं? ज्यानं घेतलं त्यानं, की ज्याचं गेलं त्यानं?

अण्णांनी ओट्यावर बोलावलं. चहा पीत होते. रागावले नव्हते, चांगल्या आवाजात बोलले. “उद्या प्रकाशन हाय. तू लाभार्थी म्हनून दोन शब्द बोल. लिहून दिलंय.” कागदावर होतं, ‘ताईसाहेबांमुळे माझी मुलगी सुरक्षित आहे. मी निर्धास्त कामाला जाते.’

मी म्हटलं, “अण्णा, पोरगी दवाखान्यात व्हती.”

“बरी झाली ना? मग.” त्यांनी बशी खाली ठेवली. “हे बघ, पाळणाघर बंद व्हतं म्हनशील तर रजिस्टर हाय. सही तुजी हाय. खोटं कोन ठरंल? आन पोर कोंडून गेलीस म्हनून पोलीस आलं, तर मला धरत्याल का तुला?”

ते खरं बोलत होते. त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं एकमेव खरं. मी उठले, “व्हय अण्णा” म्हटलं आणि कागद घेऊन आले. हो, म्हटलं. भीती वाटत होती. पोरगी काढून नेतील अशी भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला फरशी पुसताना तेच डोक्यात. आजाला वाचता येत नव्हतं, त्याला फसवलं. मला कुणी फसवलं? मी वाचून सही केली. आजाच्या अंगठ्यानं वाडी गेली. माझ्या सहीनं पोरगी जात होती. आता मी माइकवर बोलले की पाळणाघर कागदावर कायमचं चालू, खरंतर कायमचं कुलूपबंद. आणि पोरगी कायमची खोलीत. मला एवढा संताप आला की तीच फरशी मी तीनदा पुसली.

संध्याकाळी पोरगीला कडेवर घेऊन स्टेजवर गेले. कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचलेला. माइक हातात आला. कागद न काढताच बोलले.

“माझी पोरगी एक दिवस पण पाळणाघरात गेली न्हाई. त्याला कुलूप हाय. रजिस्टरात तिची हजेरी मी लावली. सही माझी हाय आन ती खोटी हाय. म्या हिला खोलीत कोंडून कामाला जात व्हते.”

पुढचं ऐकू गेलं नाही. माइक बंद झाला. टाळी एकही नाही. अण्णा खाली बघून हसले, “दमलीय बाई, दवाखान्यातून आलीय.” ताईसाहेब माझ्याजवळ आल्या, हळू म्हणाल्या, “अगं, किती केलं मी तुमच्यासाठी.” त्यांच्या हातातही लिहून दिलेला कागद होता आणि बोलताना त्या अण्णांकडं बघत होत्या. मला त्यांची दया आली नाही. पण ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालला नाही. खोली महिनाअखेरीला सोडायला सांगितली. चुलत जाऊ घरी येऊन तडतडली, “तुला सत्य सुचलं, आन आमी जायचं कुठं?” तिचंही बरोबर आहे.

मी अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, तीन पानं. किती महिने सह्या केल्या, रजिस्टर कुणी आणलं, कुलपाची किल्ली कुणाकडं असते, पोरगीला काय झालं. तालुक्याच्या ऑफिसात नेला. साहेबांनी चष्मा वर करून पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, “बाई, ही ओळ काढा. खोटी सही मी केली, ही. यात तुम्हीच अडकाल.”

“राहू द्या.”

“अहो, तुमच्या भल्याचं सांगतोय. त्यांचं काय होईल माहीत नाही, तुमचं नक्की होईल.”

“साहेब, ती ओळ काढली तर बाकीचं सगळं खोटं ठरतं. गुन्हा दाखल करायचा तर माझं नाव पहिलं लिहा. दुसरं त्यांचं लिहा. पण दोन्ही लिहा.”

ते मान हलवत शिक्का शोधायला लागले. पोरगी टेबलाखाली शिरली होती. शिपाई म्हणाला, लहान पोर ऑफिसात कशाला आणली, घरी ठेवायची. मी म्हटलं, “घरी ठेवत व्हते. आता रोज हितं आणणार. पाळणाघराचं कुलूप निघंस्तवर रोज. हाकललं तर दारात बसू.”

अर्जाची पोच हातात पडली. पावणेपाच वाजले होते. मी पोरगीला टेबलाखालून ओढून काढली आणि उद्या ऑफिस किती वाजता उघडतं ते विचारून घेतलं.