साखरेच्या डब्याची जागा

वर्गात तिला सगळे मावशी म्हणत. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातली पोरं तिच्या लेकीच्या वयाची, आणि शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून थोड्याच थोरल्या. मावशीचं अर्धं आयुष्य दवाखान्यात आयाबाई म्हणून गेलेलं. नोकरी करता करता तिनं बाहेरून पदवी घेतली, आणि लेक सासरी गेल्यावर नोकरी सोडून ती कॉलेजच्या पायऱ्या चढली.

"लोकांच्या घरी गृहभेटी देतेस," नवरा म्हणायचा, "एखादी मलाही दे की. मीपण दिवसभर एकटाच असतो."

दवाखान्यानं तिला एक खोड लावली होती. चुरगळलेली चादर दिसली की तिचे हात शिवशिवायचे. चादरीवरचा माणूस काय सांगतोय, ते मागाहून.

क्षेत्रकार्यात तिच्या वाट्याला रेडिओवाले आजोबा आले. त्यांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता डोळ्यांपुढं नुसतं धुकं. बायको गेल्यापासून बोलणंही आटलेलं. त्यांची लेक परगावी असायची. बाबांना एकट्यानं राहणं जमतंय का, हे बघायला ती रविवारी येणार होती. जमत नसेल तर घराला कुलूप लावून त्यांना सोबत नेणार होती. आजोबांना मात्र हे घर सोडायचं नव्हतं.

"त्यांचं ऐकून या," मॅडम म्हणाल्या. "एवढंच काम."

आजोबांच्या घरी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. मावशीचं लक्ष स्वयंपाकघराकडं गेलं. साखरेचा डबा खिडकीत, काडेपेटी बटणांच्या डबीला टेकून, चमच्यांत स्क्रूड्रायव्हर. तिनं पदर खोचला.

"तुम्ही बसा निवांत, आजोबा."

संध्याकाळपर्यंत ओटा लखलखला. सगळे डबे उंचीप्रमाणे वरच्या फळीवर गेले, काडेपेटीही. मावशी समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला गॅसचा वास आला. आत जाऊन बघते तर शेगडी चालू करून ठेवलेली, आणि आजोबा काडेपेटीसाठी भिंत चाचपडत उभे. तिनं गॅस बंद केला आणि लेकीला फोन लावला. लेक घाबरली. "रविवारी सामान बांधायलाच येते," म्हणाली.

मॅडम मावशीला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्यांना दिसत नाही. मग आजवर चहा कसा करून घेत होते?"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला.

ती तडक आजोबांकडं गेली. "आजोबा, मी घोळ घातलाय. काय कुठं होतं ते सांगा, तसं मांडते."

आजोबा चाचपडत ओट्यापाशी गेले. मग म्हणाले, "तू नको मांडूस. पुन्हा आवरशील. हात मांडीवर ठेव आणि बस."

खूप दिवसांनी त्या घरात एवढं लांब बोलणं उमटलं असेल. मावशी खुर्चीवर बसली.

आजोबा एकेक डबा खाली काढत होते, हलवून, हुंगून ओळखत होते. "साखर खिडकीत. हिचा खांदा धरलेला, वर हात जायचा नाही." बटणांची डबी त्यांनी खुळखुळवली. "डबी वाजली की काडेपेटी शेजारीच. हिनंच लावून दिलं. माझी नजर जाणार हे माझ्याआधी हिला कळलं होतं." मग त्या बटणांतली कुठली कुणाच्या सदऱ्याची, तेही निघालं. डाळीचा डबा निसटला, डाळ भुईभर झाली. मावशीचा जीव वरखाली.

"उठलीस का?"

"नाही, आजोबा."

"खुर्ची वाजली."

दोघंही हसली. आजोबा हळूहळू खाली बसले आणि तळहातानं डाळ गोळा करत राहिले. मावशी बसून राहिली, ऐकत राहिली. दवाखान्यातल्या कुठल्याच रात्रपाळीनं तिला इतकं दमवलं नव्हतं.

रविवारी लेक आली ती रिकाम्या बॅगा घेऊनच. मावशी आधीच येऊन बसली होती. चपला काढायच्या आत आजोबा म्हणाले, "बस. चहा टाकतो."

"बाबा, नको! मी करते—"

मावशीनं तिचा हात धरला. "ताई, जरा बसा. मलाही आत्ताच शिकवलंय त्यांनी."

आत बटणं खुळखुळली. काडी ओढल्याचा आवाज आला. खिडकीतला डबा उघडला. आजोबांनी कपाच्या काठाशी बोट धरून चहा ओतला. बोटाला चटका बसताच थांबले. एक थेंब बाहेर नाही.

लेकीनं घोट घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, किती गोड केलाय!"

"तुला कमी गोड कधी चाललाय?"

चहा संपेपर्यंत कुणी सामानाचं नाव काढलं नाही. बॅगा दाराशी तशाच पडून होत्या. लेक कप घेऊन आत गेली. नळ वाजला, थांबला. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"बाबा, कप कुठं उपडे घालू?"

आजोबा जागा सांगू लागले. मावशीचे हात मांडीवरच होते.